लाखीशाच्या कोरीव शिळा

वाचावयाचे शास्त्रभाग : २ राजे १८ व १९, यशया ३६, मीखा १.

भिवापूर येथील मंडळीच्या बुधवारच्या शास्त्राभ्यासात आम्ही मागील महिन्यात हिज्कीया राजाचा वृत्तांत घेतला. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला, त्याने तटबंदीची नगरे घेतली, यरुशलेमाच्या तटाखाली आपले सरदार पाठविले, आणि शेवटी ते नगर न घेताच तो स्वदेशी परत गेला, असा तो वृत्तांत आहे. त्या संध्याकाळी आम्ही लंडन येथील ब्रिटिश म्युझियममधील शिळांचे एक मोठे छायाचित्र बरोबर नेले होते. त्या शिळांवर यहूदातील लाखीश नगराचा पाडाव कोरलेला आहे. आमचा हेतू सरळ होता. शास्त्रात जिची हकीकत आहे तीच स्वारी शत्रूने स्वतः दगडावर कोरून ठेविली, हे मंडळीने डोळ्यांनी पाहावे, म्हणजे विश्वासास बळकटी येईल, असे आम्हांस वाटले.

चित्र हातोहात फिरले. तरुण मंडळींनी यंत्रे, धनुर्धारी व शिड्या पाहिल्या व त्यांविषयी पुष्कळ विचारले. एका वृद्ध बाईने, जिचा सारा जन्म सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडण्यात गेला आहे, ते चित्र दिव्याजवळ धरिले व एका कोपऱ्यावर बोट ठेविले. तेथे एक बैलगाडी आहे. गाडीत गाठोडी रचलेली आहेत व त्यांवर बाया आणि मुले बसली आहेत.

"ह्या बाया कोठं चालल्या जी?" तिने विचारले.

आम्ही म्हणालो, "आजी, लाखीश पडले, म्हणून त्यांना धरून नेत आहेत."

"यरुशलेम वाचलं म्हणता तुम्ही, पाद्रीसाहेब. मग ह्यायचं काय?"

वेळ संपत आली होती. आम्ही काही तरी थोडक्यात सांगून प्रार्थना केली व वर्ग सोडला. परंतु आम्ही दिलेले उत्तर आमच्याच मनास पटले नाही. ज्या वृत्तांतावर आम्ही आजपर्यंत अनेक वेळा उपदेश केला, त्यात लाखीशाच्या लोकांचे काय झाले हा प्रश्न आमच्या मनात कधी आलाच नव्हता. तो एका निरक्षर बाईने चित्र पाहून केला. ह्या पाठात आम्ही त्याचा विचार करणार आहो. आधी त्या शिळा काय आहेत हे सांगणे अवश्य आहे.

ज्या देशास आपले शास्त्र अश्शूर म्हणते व इतिहासाची पुस्तके असीरिया म्हणतात, तो तिग्रिस नदीच्या काठी, हल्लीच्या इराक देशाच्या उत्तर भागात होता. निनवे हे त्याचे प्रसिद्ध नगर. योना व नहूम ह्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांतून आपणांस ते ठाऊक आहे. त्या प्रांतात घरे व राजवाडे कच्च्या विटांचे असत. विटांच्या भिंतींस शोभा व टिकाऊपणा यावा म्हणून राजवाड्याच्या दालनांत भिंतीच्या खालच्या भागास पुरुषभर किंवा त्याहून उंच अशा दगडी शिळा उभ्या लावीत व त्यांवर चित्रे कोरीत. दगड मोसूलच्या आसपासचा जिप्सम, म्हणजे इतका मऊ की त्यावर नखाचाही ओरखडा उठावा. म्हणूनच कारागिरांस दाढीची एकेक बट आणि घोड्याच्या साजाची एकेक गाठ कोरता आली. काही शिळांवर रंगाच्या खुणाही सापडल्या आहेत; आज जो दगड करडा दिसतो त्यावर एके काळी काळा व तांबडा रंग होता.

ही चाल मोठ्या प्रमाणावर सुरू केली ती दुसऱ्या अशुरनासिरपाल राजाने (ख्रि. पू. ८८३ ते ८५९). हल्ली निमरूद म्हणतात त्या नगरी त्याने राजवाडा बांधिला आणि तो पुरा झाल्यावर दहा दिवस मेजवानी दिली. जेवणारांची संख्या त्याने शिळेवर लिहवून ठेविली आहे, ती ६९,५७४. ज्या राजास पंगतीचा आकडा इतका बारकाईने जपावासा वाटला, त्याने युद्धातील मृतांचा आकडाही जपावा ह्यात नवल नाही. पुढील राजांच्या शिळांवर असे एक दृश्य पुनःपुन्हा येते : शिपाई शत्रूची कापलेली मस्तके आणून ढीग घालीत आहेत आणि जवळ दोन लेखक उभे राहून ती मोजून लिहून घेत आहेत. एकाच्या हातात मातीची किंवा मेणाची पाटी, दुसऱ्याच्या हातात गुंडाळीचे चर्मपत्र. तलाठ्याच्या दप्तरात पीक नोंदवावे त्या शांतपणाने ते नोंद करीत आहेत. आमच्या मते ह्या सर्व शिळांत ह्याहून भयंकर चित्र नाही, जरी त्यात कोणी कोणास मारीत नाही.

शिळा उकरून काढण्याचे काम १८४३ पासून सुरू झाले. ऑस्टिन हेन्री लेयार्ड ह्या इंग्रज गृहस्थाने १८४५ मध्ये निमरूद येथे खणावयास आरंभ केला. त्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरास आले. हिस्लॉपसाहेबांचे नाव नागपुरातील कॉलेजामुळे सर्वांस माहीत आहे. पण आपल्या प्रांतातील खडक, जीवाश्म व प्राचीन शिळावर्तुळे ह्यांचा अभ्यास करणारांतही ते आद्य होते, हे थोड्यांस माहीत असते. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परत येताना ते ओढ्याच्या पुरात वाहून गेले. दगडांकडे लक्ष देणे हे पाळकाचे काम नव्हे असे कोणी म्हटले म्हणजे आम्हांस त्यांची आठवण होते.

लेयार्डने काढलेल्या शिळांचा आपल्या प्रांताशीही संबंध आहे. त्या वेळी सुएझचा कालवा झाला नव्हता. तो १८६९ मध्ये खुला झाला. निमरूदच्या शिळा फुगविलेल्या कातडी पखालींच्या तराफ्यांवरून तिग्रिस नदीने बसऱ्यास जात, तेथून गलबताने मुंबईस, आणि मुंबईहून आफ्रिकेस वळसा घालून इंग्लंडास. १८४८ मध्ये काही पेट्या मुंबईस अडकून पडल्या, त्या तेथे उघडल्या गेल्या व लोकांनी आतील वस्तू पाहिल्या. पुढे काही लहान वस्तू हरविल्याची तक्रार लेयार्डने केली. त्या पेट्यांत काळ्या दगडाचा तो प्रसिद्ध स्तंभ होता, ज्यावर इस्राएलचा राजा येहू ह्याच्या नावाने कोणी एक मनुष्य अश्शूरच्या राजापुढे भुईस मस्तक टेकून पडलेला आहे. परंतु मुंबईकरांनी तो पाहिला तेव्हा त्यावरील बाणाग्रासारखी लिपी वाचता येत नव्हती. येहूचे नाव १८५१ मध्ये एडवर्ड हिंक्स ह्या आयर्लंडातील एका खेड्याच्या पाळकाने वाचिले. आजही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या राजवाड्यांतील काही शिळा आहेत. हे संग्रहालय १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ह्या नावाने उघडले होते. मुंबईस जाण्याचा प्रसंग येईल त्या बांधवांनी त्या अवश्य पाहाव्या. लंडनास जाणे सर्वांच्या नशिबी नसते. २०१५ मध्ये इसिस ह्या सशस्त्र संघटनेने अशुरनासिरपालचा निमरूद येथील राजवाडा सुरुंग लावून उडवून दिला, तेव्हापासून अन्यत्र राहिलेल्या एकेका तुकड्याचे मोल वाढले आहे.

मिशनरी लोकांसही ह्या शिळांची मोठी ओढ होती. मोसूल येथील अमेरिकन मिशनचे ड्वाइट मार्श व हेन्री लॉबडेल ह्यांनी १८५० नंतरच्या काही वर्षांत निमरूदच्या शिळा कापून उंटांवर लादून बंदरापर्यंत नेवविल्या व अमेरिकेतील आपापल्या कॉलेजांस धाडिल्या. ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी शास्त्राच्या सत्यतेचा पुरावा पाहावा हा त्यांचा हेतू. आम्ही सेमिनरीत असताना आम्हांसही हे सर्व पुरावा म्हणूनच शिकविले गेले, आणि आम्ही बुधवारी भिवापुरास चित्र नेले तेही त्याच समजुतीने.

आता लाखीशाकडे वळू. लेयार्डच्या दुसऱ्या खोदकामात (१८४९ ते १८५१) निनवे येथे सन्हेरीबच्या राजवाड्यातील एक दालन उघडे झाले. पंखधारी बैलांच्या प्रचंड जोड्या दोहों अंगांस असलेली दारे ओलांडून तेथे जावे लागे. परदेशचा वकील ती दारे ओलांडून आत येई तेव्हा त्याचे मन आधीच दबलेले असणार. आतील भिंतींवर एकच विषय, लाखीश. जेवढ्या शिळा टिकल्या त्यांची लांबी सुमारे ६० फूट भरते.

चित्र डावीकडून उजवीकडे वाचीत जावयाचे. प्रथम सैन्याच्या रांगा : गोफणवाले, धनुर्धारी, भालेवाले. मध्ये नगर, त्याचे बुरूज व वेस. तटास लागून मातीदगडांचा चढ बांधिलेला असून त्यावरून तट फोडण्याची यंत्रे वर ढकलीत आहेत. अशी सात यंत्रे कोरलेली आहेत. वरून लाखीशाचे लोक जळते पलिते फेकीत आहेत आणि यंत्रातील एक शिपाई लांब दांड्याच्या पळीने यंत्राच्या तोंडावर पाणी ओतीत आहे, कारण यंत्र कातड्याने व लाकडाने मढविलेले, ते पेट घेईल. हे कोरणारास ती स्वारी कोणी तरी तपशीलवार सांगितली असली पाहिजे; असली गोष्ट कोणी कल्पनेने काढीत नाही.

तो चढ आजही आहे. लाखीशाचे स्थळ इस्राएल देशात तेल लाखीश म्हणून ओळखिले जाते. तेथे १९३२ ते १९३८ ह्या काळात जे. एल. स्टार्की ह्यांच्या हाताखाली व १९७३ नंतर डेव्हिड उसिश्किन ह्यांच्या हाताखाली खोदकाम झाले. टेकडीच्या नैऋत्य कोपऱ्यास दगडांचा तो चढ निघाला. अश्शूरी सैन्याने बांधिलेला असा दुसरा चढ अद्याप कोठे सापडलेला नाही. त्याच्या आसपास शेकडो लोखंडी बाणाग्रे व गोफणीचे गोटे पडलेले होते. तटाच्या आतल्या बाजूस नगरवासीयांनी घाईघाईने दुसरा चढ रचिला होता, बाहेरचा तट फुटला तर आत आणखी एक अडथळा असावा म्हणून. २०२१ मध्ये यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठातील योसेफ गारफिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडिला की त्या चढास सुमारे ३० लाख दगड लागले असावे, प्रत्येक दगड साडेसहा किलोच्या सुमाराचा. दिवसास १,६०,००० दगड हातोहात पुढे दिले गेले तर काम २५ दिवसांत उरके. विहिरीच्या किंवा तळ्याच्या कामावर घमेली हातोहात देताना आपण पाहिलेच आहे. फरक हा की येथे वरून बाण येत होते. तो दगड वाहणारे सर्व अश्शूरी शिपाईच होते असेही नाही. जिंकलेल्या लोकांकडून अशी कामे करून घेण्याची त्यांची रीतच होती.

ह्यानंतर चित्राचा रोख बदलतो. वेशीतून लोक बाहेर पडू लागतात. तटापाशी तीन नागवी शरीरे सुळांवर चढविलेली आहेत. पुढे दोघांस भुईवर ताणून त्यांची कातडी सोलीत आहेत. हे आम्ही लहान मुलांच्या वर्गात दाखविणार नाही व दाखवू नये असे सांगतो. परंतु मोठ्यांस दाखविताना झाकूनही ठेवू नये. आणि ह्या शरीरांच्या शेजारूनच कुटुंबे चालली आहेत. बायांच्या डोक्यावरून लांब ओढणी पायांपर्यंत आलेली, पाय अनवाणी, हातांत किंवा खांद्यावर पिशवी. मग ती गाडी. बैल इतके खंगलेले की बरगड्या मोजाव्या. वेढ्याच्या दिवसांत वैरण कोठून मिळणार? भिवापूरच्या आजींची नजर तेथे गेली ह्यात आश्चर्य काय? आमच्याकडे कुटुंब गाव सोडून कामास निघते तेव्हा गाडी अशीच भरतात : खाली जड पोती, वर अंथरूण, त्यावर लेकरे.

मागे डोंगर कोरला आहे. डोंगरावर झाडे आहेत, आणि ती कोणती हेही कळते : द्राक्षवेली व अंजिरे. आता २ राजे १८ उघडावा. सन्हेरीबचा सरदार रब-शाके हा लाखीशाच्या छावणीतून निघून यरुशलेमाच्या तटाखाली उभा राहतो. हिज्कीयाचे कारभारी त्यास विनवितात की अरामी भाषेत बोला, तटावरील लोकांस कळू देऊ नका. तो मुद्दाम यहूदी भाषेतच ओरडून सांगतो. ३१ व ३२ ह्या वचनांत त्याचे आमिष आहे : शरण या, म्हणजे तुम्हांपैकी प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीचे व अंजिराचे फळ खाईल, नंतर मी तुम्हांस तुमच्या देशासारख्याच चांगल्या देशी नेईन. हे आमिष दाखविले जात होते त्याच दिवसांत लाखीशाचे लोक आपल्या द्राक्षवेली व अंजिरे मागे टाकून चालले होते. रब-शाके खोटे बोलत नव्हता. दुसऱ्या देशी नेणार हे त्याने स्पष्टच सांगितले. त्याने केवळ सूळ व खंगलेले बैल सांगितले नाहीत. उपदेशक बंधूंनी हा अध्याय शिकविताना ही दोन वचने व शिळेचा हा डोंगर एकत्र ठेवावा. दुसरे काही विशेष सांगावे लागत नाही.

रांगेच्या शेवटी राजा आहे. सन्हेरीब उंच सिंहासनावर बसलेला, पाय चौरंगावर, हातात बाण. समोर लाखीशाचे वडील गुडघे टेकून हात पसरीत आहेत व काहींस तेथेच ठार करीत आहेत. वर लेख कोरला आहे, त्याचा आशय असा की जगाचा राजा, अश्शूरचा राजा सन्हेरीब सिंहासनावर बसला आणि लाखीशाची लूट त्याच्यापुढून गेली. ह्याच लेखामुळे नगर कोणते हे निश्चित झाले. राजाचा चेहरा मात्र राहिलेला नाही. तो प्राचीन काळीच कोणी तरी हत्याराने फोडला आहे. ख्रि. पू. ६१२ मध्ये मेदी व बाबेली लोकांनी निनवे घेतले, तेव्हा हे झाले असावे असे बहुतेक विद्वान मानितात.

एवढ्या मोठ्या दालनात यरुशलेमाविषयी काय आहे? काही नाही. सन्हेरीबने ख्रि. पू. ७०१ च्या ह्या स्वारीचा वृत्तांत मातीच्या लोलकांवरही लिहविला आहे. त्यांपैकी एक कर्नल टेलर ह्यांस १८३० मध्ये मिळाला. त्यात तो म्हणतो की आपण ४६ तटबंदीची नगरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढिली आणि हिज्कीयास पिंजऱ्यातील पाखराप्रमाणे यरुशलेमात कोंडिले. कोंडिले म्हणतो, घेतले असे म्हणत नाही. खंडणीत ३० किक्कार सोने मिळाले म्हणतो, आणि २ राजे १८:१४ मध्येही सोने ३० किक्कारच आहे. चांदी शास्त्रात ३००, लोलकावर ८००. मोजणीच्या निरनिराळ्या रीती असू शकतात, बढाईही असू शकते. माणसांचा आकडाही विद्वानांस फार फुगविलेला वाटतो. आम्हांस ह्या तफावतीचे भय वाटत नाही. दोन पक्षांच्या कैफियती अगदी जुळल्या तर पंचच संशय घेतात.

पण ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. जे नगर हाती लागले नाही ते राजाने भिंतीवरून वगळिले आणि जे लागले त्याने दालन भरून टाकिले. ह्याचप्रमाणे, ह्या सर्व युद्धशिळांवर अश्शूरचा मेलेला शिपाई बहुधा दिसतच नाही. चढ बांधिताना, यंत्र ढकलताना, वरून पलिते पडताना कोणी मेलाच नाही काय? आपल्या महाराष्ट्रातील वीरगळ ह्याच्या उलट आहेत. कित्येक गावांच्या वेशीपाशी ते उभे असतात. खालच्या चौकटीत झुंज व पडलेला वीर, वर त्यास स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, त्यावर तो देवाच्या पूजेस बसलेला. मुंबईजवळ बोरिवली येथील एकसरचे वीरगळ तर नौकांची लढाई दाखवितात. त्यांतील धर्मकल्पना आमची नव्हे. परंतु तो दगड गावाने आपल्या मेलेल्या माणसासाठी उभा केला आहे. सन्हेरीबच्या दगडावर सन्हेरीबच्या मेलेल्या माणसास जागा नाही. दगड खरे बोलतो, पण ज्याने मजुरी दिली त्याच्या बाजूने बोलतो.

मग शास्त्र लाखीशाविषयी काय बोलते? येथे आम्हांस प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की राजांच्या पुस्तकात फारच थोडे आहे. हिज्कीयाने लाखीशास निरोप धाडिला. रब-शाके लाखीशाहून आला. तो परतला तेव्हा राजा लाखीशाहून निघून गेला होता. लाखीश म्हणजे केवळ छावणीचा पत्ता. तेथे कोणी राहत होते, कोणी मेले, कोणी धरून नेले, ह्याचे एकही वचन त्या दोन अध्यायांत नाही. लेखकाचे डोळे यरुशलेमाकडे, राजाकडे व मंदिराकडे लागलेले आहेत, आणि आम्हां उपदेशकांचेही डोळे पिढ्यानपिढ्या तिकडेच लागलेले आहेत. आजींच्या प्रश्नाचे उत्तर तेथे शोधून सापडणार नाही.

ते आहे मीखाच्या पहिल्या अध्यायात.

मीखा हा यशयाचा समकालीन. यशया यरुशलेमात, राजदरबाराशी परिचित. मीखा मोरेशेथ गावचा, आणि मोरेशेथ लाखीशापासून दोन-तीन कोसांवर. म्हणजे सन्हेरीबचे सैन्य जेथे उतरले तो मीखाचा मुलूख. अध्यायाच्या उत्तरार्धात तो एकामागून एक गावांची नावे घेत जातो. ती नावे आपणांस परकी म्हणून आपण तो भाग झटपट वाचून पुढे जातो. पण मूळ इब्री भाषेत प्रत्येक नावावर कोटी आहे. एका गावाच्या नावात धुळीचा शब्द आहे, तर त्यास म्हणतो धुळीत लोळ. लाखीशाच्या नावाशी घोड्यास लावावयाचा शब्द जुळतो, तर त्यास म्हणतो रथास घोडे जुंप. समजा, आमच्यापैकी कोणी भिवापूर, उमरेड, पवनी, कुही अशी नावे घेत, प्रत्येक नावाचा अर्थ फोडून त्यावर आकांत केला, तर ऐकणारांस कसे वाटेल? मीखाच्या शेजाऱ्यांस तसे वाटले असेल. पुष्कळ विद्वान हा अध्याय ह्याच स्वारीशी जोडितात.

मीखा लाखीशास निर्दोष ठरवीत नाही. १३ व्या वचनात तो त्याच्या पापाचे मूळ सांगतो, आणि तेही वर्गात लपवू नये. परंतु दोष सांगणारा हाच मनुष्य ८ व्या वचनात म्हणतो की ह्यामुळे मी विलाप करीन, अनवाणी व उघडा फिरेन, कोल्ह्यांसारखा ओरडेन. शिळेवरील कैदी पाहा : तेही अनवाणी. जसे त्यांना नेले तसाच तो स्वतः फिरणार म्हणतो. आणि शेवटच्या, १६ व्या वचनात तो एका आईस सांगतो की डोक्याचे केस काढून टाक, कारण तुझी लाडकी लेकरे तुजपासून बंदिवासात गेली आहेत. ज्या गाडीवर आजींनी बोट ठेविले, तीच ही. राजांच्या इतिहासात जी गाडी नाही, ती एका खेड्यातील संदेष्ट्याच्या विलापात आहे.

ते लोक कोठे गेले ह्याचा काही माग शिळाच देतात. त्याच राजवाड्याच्या दुसऱ्या शिळांवर निरनिराळ्या देशांचे बंदिवान दोरांस जुंपून पंखधारी बैलांचे अवाढव्य दगड ओढीत आहेत. मुकादम काठी उगारून उभे आहेत आणि राजा वरून पाहत आहे. राजवाड्याची जी दारे ओलांडून लाखीशाच्या दालनात जावे लागे, त्या दारांचे बैल अशा हातांनी ओढून आणिले. सन्हेरीबास ख्रि. पू. ६८१ मध्ये त्याच्याच मुलांनी मारिले. ते २ राजे १९:३७ मध्ये आहे. लाखीशातही पुन्हा वस्ती झाली. शंभरावर वर्षांनी नबुखद्नेस्सर आला तेव्हा यरुशलेमाखेरीज जी दोन तटबंदीची नगरे शेवटपर्यंत टिकून होती, त्यांत यिर्मया ३४:७ लाखीशाचे नाव घेतो. परंतु गाडीतील बाया परत आल्या असे कोठेही लिहिलेले नाही, आणि आम्ही ते जोडून सांगणार नाही.

जे उपदेशक बंधू हा पाठ आपल्या वर्गात घेतील त्यांस एक सूचना. २ राजे १८ आधी व मीखा १ नंतर, असा क्रम ठेवावा आणि दोन्ही एकाच बैठकीत वाचावे. दोहोंमध्ये आठवड्याचे अंतर पडले तर लोक यरुशलेम वाचल्याच्या आनंदात घरी जातात, जसे आमच्याकडे झाले. चित्र मिळाले तर ते प्रथम काही न सांगता फिरवावे व कोण कोठे बोट ठेवितो ते पाहावे. शब्बाथ शाळेच्या मुलांस गाडी, बैल, अंजिरे व पळीने पाणी ओतणारा शिपाई एवढेच दाखविणे पुरे.

पुढच्या बुधवारी आम्ही भिवापुरास मीखाचा पहिला अध्याय वाचिला. गावांची नावे सावकाश घेतली व त्यांतील कोट्या जमतील तशा मराठीत सांगितल्या. एका तरुणाने विचारिले की देवाने एक नगर राखिले व दुसरे का दिले. त्यावर वर्गात बराच वेळ बोलणे झाले. आम्ही त्यास सांगितले की ह्याचे उत्तर आम्हांस मीखाच्या पुस्तकात मिळत नाही, त्यात रडणेच मिळते. आजी मागच्या बाकावर होत्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी ते चित्र पुन्हा मागून घेतले आणि दिव्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिले.

"हा मीखा ह्यायच्याच गावाकडचा होता का जी?" त्यांनी विचारिले.

आम्ही सांगितले की होय, दोन-तीन कोसांवरचा. त्यांनी मान हलविली, चित्र परत दिले व त्या घरी गेल्या.